वावरातलं औषध, डब्यातलं औषध

परवा सकाळी धाकट्या भावाचा फोन आला, अक्का येशील तेव्हा औषध घेऊन ये, संपत आलंय. मी विचारलं कोणतं, मायचं का कपाशीचं? दोन सेकंद तो गप्प आणि मग हसायलाच लागला, म्हणे मायचं गं, कपाशीचं मी अमळनेरहून आणीन ना, त्याच्यासाठी पुण्याची कशाला वाट पाहू.

हसण्यावारी गेलं, पण मी प्रश्न खरोखरच विचारला होता. आमच्याकडे खान्देशात फवारणीच्या विषाला कोणी विष म्हणत नाही, कीटकनाशक हा शब्द तर कृषी खात्याच्या पत्रकात आणि रेडिओवर. बाकी सगळं औषध. औषध मारायचंय, औषधाचा पंप, औषधाचा वास, औषधवाल्याची उधारी. आणि सकाळी सकाळी बायका ओट्यावर तोंडाला पदर लावून हळू बोलायला लागल्या की समजायचं, रात्री कोणीतरी औषध घेतलं. मुंबईत होस्टेलला असताना मी एका मैत्रिणीला सांगितलं, आमच्या गल्लीतल्या एकाने औषध घेतलं, तर ती म्हणाली, मग बरं वाटलं का त्याला?

तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही. पण नंतरची पस्तीस वर्षं मी जे काम केलं, आधी उंदरांच्या लिव्हरवर, मग कंपनीत माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांवर आणि मधली बरीच वर्षं अल्झायमरच्या औषधांवर, ते सगळं या एकाच शब्दाच्या आजूबाजूला फिरत होतं, हे कळायला मला मायचं आजारपण यावं लागलं. म्हणजे पेपरात वाचून माहीत होतं, पण वाचलेलं वेगळं.

१९७४ ची गोष्ट, मी सातवीत. आमचं गाव अमळनेरपासून सात-आठ किलोमीटर, बोरीच्या काठाला. नानांची पंधरा एकर कपाशी आणि आमच्याकडे एक सालदार होते, त्यांना आम्ही सगळी पोरं जिभाऊ म्हणायचो. त्या वर्षी बोंडअळी फार होती. जिभाऊ दोन दिवस पाठीवर पंप घेऊन औषध मारत होते, हातमोजे वगैरे काही नाही, डबा फोडून बादलीत ओतायचं आणि काडीने ढवळायचं, काडी नसली तर हाताने. वारा समोरून. सदरा पाठीला चिकटलेला, तो घामाने का पंपाच्या गळतीने हे कोण बघतंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले आणि उठेचनात. तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, दंडाचं मांस आपोआप थडथड उडतंय. नानांनी कोणाची तरी जीप मिळवली, मायने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला कोणी उतर म्हणालं नाही म्हणून मीही गेले. अमळनेरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले, बाहुली एवढीशी झाली होती, मोहरीचा दाणा. मग इंजेक्शन सुरू. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक. प्रत्येक वेळी डॉक्टर तोंडात बोट घालून बघायचे ओलं आहे का, आणि ओलं असलं की पुन्हा इंजेक्शन. मध्यरात्रीनंतर कधीतरी तोंड कोरडं पडलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड लालबुंद, आणि जिभाऊ बरळायला लागले. उठून बसले आणि समोरच्या रिकाम्या हवेतून चिमटीने काहीतरी उचलायचं, डाव्या हाताने कमरेच्या ओटीत टाकल्यासारखं करायचं, पुन्हा उचलायचं. डॉक्टर म्हणाले, आता औषध लागू पडलं.

मला काही समजेना. चांगला माणूस वेडा झालाय आणि डॉक्टर खूश. माय मात्र हळूच म्हणाली, धोत्र्याचं बी खाल्ल्यावर माणूस असंच करतो.

जिभाऊ वाचले, दोन दिवसांनी चालत घरी आले आणि पुढच्या हंगामात पुन्हा पंप घेऊन गेले. तो रिकामा डबा मायने राखेने घासून रॉकेल मोजायला ठेवला होता, तो आमच्या घरात कितीतरी वर्षं होता.

---

बीएस्सी मी अमळनेरच्या प्रताप कॉलेजातून केलं. तेव्हा जळगावचं विद्यापीठ नव्हतंच, ते १९९० ला आलं, आमच्या मार्कशीटवर पुणे विद्यापीठ. अमळनेर म्हटलं की आता लोक विप्रोचं नाव काढतात, ती तिथेच १९४५ ला वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली हे खरंय, पण आम्हाला लहानपणी विप्रो म्हणजे तेलाचा वास एवढंच. कॉम्प्युटर वगैरे नंतर ऐकलं. असो. मला केमिस्ट्री आवडायची आणि घरात भाऊ लहान होता, त्यामुळे नानांनी शिकू दिलं, ही दोन्ही कारणं सारखीच महत्त्वाची आहेत.

पीएचडीला मुंबईत गेले. गाईडचा विषय होता लिव्हर परक्या रसायनांचं काय करतं. आपण जे काही खातो, गोळी असो, फवारलेल्या भाजीवरचं काही असो, ते आतड्यातून आधी लिव्हरला जातं आणि तिथे एन्झाइम्सची एक फौज बसलेली असते, सायटोक्रोम पी-४५०. माणसात त्यांची सत्तावन्न जनुकं आहेत. तेलात विरघळणाऱ्या वस्तूला ही मंडळी ऑक्सिजन लावतात, मग दुसरी एन्झाइम्स त्याला साखरेसारखं काहीतरी जोडून पाण्यात विरघळेलसं करतात आणि मग ते लघवीतून बाहेर. सोपं वाटतं ना, मलाही वाटलं होतं.

पी-४५० हे नाव कसं पडलं तर, जपानमध्ये ओमुरा आणि सातो यांनी १९६२ ला आणि मग १९६४ ला सविस्तर दाखवलं की लिव्हरच्या पेशींच्या ज्या भागात ही एन्झाइम्स असतात तिथे कार्बन मोनॉक्साइड सोडला की ४५० नॅनोमीटरला प्रकाश शोषला जातो. आम्ही रोज तेच करायचो. उंदराचं लिव्हर काढायचं, बर्फावर ठेवायचं, थंड खोलीत स्वेटर घालून (मुंबईत! मे महिन्यात!) टेफ्लॉनच्या दांड्याने वाटायचं, आधी सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवायचं, वरचं पाणी घेऊन एक लाख जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने, तासभर फिरवायचं, की नळीच्या तळाला गुलाबीसर तांबूस जेलीचा एक थर बसतो. त्यात डायथायोनाइट टाकायचं, त्याचा तो गंधकाचा वास केसांतून दोन दिवस जात नाही, गॅसचे बुडबुडे सोडायचे आणि मशीनच्या कागदावर पेन कुठे वर चढतंय ते बघत बसायचं. ४५० ला शिखर आलं तर दिवस कारणी लागला. ४२० ला आलं तर एन्झाइम मेलं, कुठेतरी बर्फ वितळला, कुठेतरी तू उशीर केलास, उद्या पुन्हा नवा उंदीर. माझं पहिले चार महिने ४२० च येत होतं. घरी पत्रात मी लिहायचे सगळं छान चाललंय.

आणि एक दिवस गाईडने वाचायला दिलेल्या पेपरात मिथाइल पॅराथिऑन हे नाव आलं आणि मला वाटलं हे मी कुठेतरी वाचलंय. दिवाळीत घरी गेले तेव्हा रॉकेलचा डबा उलटा करून पाहिला. अर्धी घासली गेलेली अक्षरं, पण तेच.

त्या पेपरात काय होतं तर, पॅराथिऑन डब्यात असतं तेव्हा त्याच्या फॉस्फरसला एक गंधक चिकटलेलं असतं आणि त्या रूपात ते नसांच्या एन्झाइमला फारसं काही करू शकत नाही. ते शरीरात गेलं की पी-४५० आपलं काम इमानदारीने करतं, ऑक्सिजन लावतं, गंधक निघून जातं आणि तयार होतं पॅराऑक्सॉन. खरं विष ते. म्हणजे जिभाऊंच्या अंगात शिरलं ते अर्धकच्चं होतं, पूर्ण केलं ते त्यांच्याच लिव्हरने. म्हणूनच माणूस दुपारभर काम करतो आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन कोसळतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लिव्हर म्हणजे शरीराचा धोबी असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, इथे तर धोब्यानेच वस्तरा धार लावून दिला होता.

हे पॅराऑक्सॉन ज्याच्यावर जाऊन बसतं ते एन्झाइम म्हणजे अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज. नाव लांब आहे पण काम एकच. एक नस दुसऱ्या नसेला किंवा स्नायूला निरोप देते तो अ‍ॅसिटाइलकोलिन नावाच्या रेणूने, आणि निरोप पोचला की तो रेणू लगेच मोडून टाकायचा, नाहीतर तोच निरोप वाजत राहणार. एक एन्झाइम एका सेकंदात असे हजारो रेणू मोडतं. ते बंद पडलं की लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, दंड उडत राहतात. आणि अ‍ॅट्रोपिन, म्हणजे डॉक्टरांचं ते इंजेक्शन, निरोप घेणाऱ्याच्या कानात बोळे घालतं. जास्त घातले की मेंदूलाही ऐकू येईनासं होतं आणि माणूस हवेतून वस्तू वेचायला लागतो. अ‍ॅट्रोपिन धोत्र्यातही असतं. माय चौथी शिकलेली होती.

---

अल्झायमरकडे मी वळले ती काही ध्येय वगैरे ठेवून नाही. नव्वदच्या दशकात आमच्या लॅबमध्ये कोलिनएस्टरेज मोजायची एलमनची पद्धत मला चांगली येते म्हणून मला त्या प्रोजेक्टवर टाकलं. एलमनची पद्धत १९६१ ची, इतकी साधी की शाळेत दाखवता येईल, एन्झाइम काम करत असेल तर नळीतलं पाणी पिवळं होत जातं, हळद कालवल्यासारखं, आणि तुमचं औषध लागू पडलं तर पिवळं होत नाही. मी हजारो नळ्या पाहिल्या असतील. पुढेपुढे मशीन न लावताच सांगायचे किती टक्के बंद झालंय, ज्युनियर पोरं पैज लावायची आणि चहा मला मिळायचा.

आजाराची हकीकत बऱ्याच जणांना माहीत असेल. फ्रँकफर्टच्या इस्पितळात १९०१ साली ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन वर्षांची बाई आली, तिला स्वतःचं नाव लिहितानाही मध्येच विसर पडायचा. अलोइस अल्झायमर तिच्याशी रोज बोलून टिपणं काढायचा. ती १९०६ ला गेली, त्याने तिचा मेंदू रंगवून पाहिला, नसांच्या बाहेर गुठळ्या आणि आत गुंतलेल्या दोऱ्या, आणि त्याच वर्षी ट्युबिंगनच्या सभेत ते मांडलं तर कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. ज्यांनी कधी कॉन्फरन्समध्ये पेपर वाचलाय त्यांना या वाक्याचं दुःख कळेल.

गुठळ्या म्हणजे बीटा अमायलॉइड नावाचं प्रथिन, ते १९८४ ला कळलं, दोऱ्या म्हणजे टाऊ नावाचं. पण त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, लक्षात आलं होतं की या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटाइलकोलिनच कमी पडतंय. मग कोणीतरी साधा हिशोब केला, निरोप हळू झालाय ना, तर मोडणाऱ्याला थोडा वेळ अडवा, म्हणजे जो आहे तो जास्त टिकेल. थोडक्यात जे जिभाऊंना अति झालं तेच थोडंसं द्यायचं. टॅक्रिन १९९३ ला अमेरिकेत आलं, अल्झायमरचं पहिलं मंजूर औषध, आणि ते लिव्हरलाच बाधायला लागलं, रुग्णांचं रक्त सारखं तपासावं लागायचं, शेवटी मागे पडलं. मग १९९६ ला डोनेपेझिल, जे आज गावोगावच्या मेडिकलवर मिळतं. रिव्हास्टिग्मिन तर कार्बामेट आहे, आपल्याकडे शेतात कार्बारिलची पावडर धुरळायचे, त्याच कुळातलं.

पण मला खरा धक्का बसला तो मेट्रिफोनेटचा. नव्वदच्या दशकात अल्झायमरवर त्याच्या मोठ्या ट्रायल चालू होत्या, स्मरणशक्तीत थोडा फायदाही दिसत होता. मी लायब्ररीत त्याची रचना काढून बसले आणि बघतच राहिले, हे तर ट्रायक्लोरफॉन. कीटकनाशक. शरीरात गेलं की एन्झाइमची मदतसुद्धा न घेता आपोआप हळूहळू त्याचं डायक्लोरव्हॉस होतं, आणि डायक्लोरव्हॉस म्हणजे आपल्याकडे ढेकणांवर, धान्याच्या कोठीत शिंपडायचे ते. पुढे काही रुग्णांचे स्नायू लुळे पडायला लागले, श्वास घ्यायला मशीन लागलं, आणि त्या ट्रायल बंद झाल्या. आपल्याकडे २०१८ च्या बंदीच्या आदेशात ट्रायक्लोरफॉन आणि डायक्लोरव्हॉस दोन्ही आहेत, एकाच यादीत, ३१ डिसेंबर २०२० पासून बंद. यादी वाचताना मला जुन्या ऑफिसातल्या दोन माणसांची नावं श्रद्धांजलीच्या पानावर एकत्र पाहावीत तसं झालं.

नानांना मी हे सुट्टीत सांगितलं, की आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या विसराळूपणावर फवारणीतलं औषध देऊन बघताहेत. ते चहा बशीत ओतत म्हणाले, "मंग आपला जिभाऊ कसा काय काहीच इसरत नई?" जिभाऊंना खरोखर चाळीस वर्षांची उधारी तोंडपाठ होती.

---

कंपनीतल्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २००५ पर्यंत आपल्या पेटंट कायद्यामुळे बाहेरचं औषध वेगळ्या पद्धतीने बनवता यायचं, आमचं काम म्हणजे आपली गोळी रक्तात त्यांच्या गोळीइतकीच चढते का हे दाखवणं. नमुने, मशीन, आलेख, ऑडिट, पुन्हा नमुने. अमायलॉइडवर काम करणारे मित्र आम्हाला प्लंबर म्हणायचे, तुमचं काय, पाइपात काय गेलं आणि किती बाहेर आलं. बरोबरच होतं ते. पण पाइपातच सगळी गंमत आहे हे त्यांना कोण सांगणार.

एक उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगायचे. लंडनचे रॉबर्ट स्मिथ, १९७५ ला त्यांच्या लॅबमधल्या लोकांनी स्वतःवरच प्रयोग म्हणून डेब्रिसोक्विन नावाची बीपीची गोळी घेतली. बाकीच्यांना काही झालं नाही, स्मिथ मात्र चक्कर येऊन आडवे, बीपी पार खाली. त्यांच्या लिव्हरमध्ये ती गोळी मोडणारं एन्झाइम जवळपास चालतच नव्हतं. तेच पुढे सिप २डी६ म्हणून ओळखलं गेलं (सिप म्हणजे तेच सायटोक्रोम पी-४५०), आणि डोनेपेझिल मोडायलाही तेच लागतं, सोबत सिप ३ए४. म्हणजे दहा मिलिग्रॅम हा आकडा गोळीवर छापलेला असतो, अंगात तो कोणाला पाच होतो कोणाला वीस. ओपीडीत दोन मिनिटांत कोणी हे बघत नाही, बघू शकतही नाही, समोर रांग असते.

आणि हळद. माझी ओळख अल्झायमरवर काम करते अशी झाली की लग्नाच्या पंगतीतसुद्धा पुढचा प्रश्न हळदीचाच. हो, हळदीतलं करक्युमिन नळीत अमायलॉइडला चिकटतं. पण पोटात गेलं की आतडं आणि लिव्हर मिळून त्याला इतक्या लवकर बांधून बाहेर काढतात की ग्रॅमच्या ग्रॅम खाल्लं तरी रक्तात नावापुरतं सापडतं. मिरीतलं पायपरिन ही बांधाबांध थोडा वेळ अडवतं, ते आपल्याच बंगळुरूच्या लोकांनी १९९८ ला दाखवलं, करक्युमिन रक्तात वीस पट वाढलं. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या छोट्या ट्रायलमध्ये तरी फायदा दिसला नाही. एवढं सांगेपर्यंत समोरचा मठ्ठ्याच्या ग्लासकडे वळलेला असतो. भाजीत घाला हो हळद, भाजीला हवीच ती.

आता २०२३ पासून लेकॅनेमॅब आलंय, अँटिबॉडी, गुठळ्या खरंच साफ करतं आणि दीड वर्षात घसरण सत्तावीस टक्के हळू करतं. काही जणांच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्रावही होतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा एमआरआय. अँटिबॉडी म्हणजे प्रथिन, त्याला पी-४५० हात लावत नाही, म्हणजे आमच्या खात्याचं त्यात काही कामच नाही. मी रिटायर होण्याच्या सुमारास माझा विषयच रिटायर व्हायला लागला. पण दर दोन आठवड्यांनी सलाइन आणि गावापासून एमआरआय किती लांब, त्यामुळे आमच्या तालुक्यात अजून बरीच वर्षं डोनेपेझिलच चालणार.

---

मायचं सुरू झालं ते पुरणाच्या मांड्यांपासून. खापरावरचे मांडे करणारी गावात ती एकच अशी होती की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला चार घरी बोलावणं यायचं, पीठ हातावर फिरवत कोपरापर्यंत न्यायची. २०१८ च्या आखाजीला तिने पुरण भरलं, हातावर घेतलं आणि थांबली. पुढे काय करायचं ते हातालाच आठवेना. आम्ही म्हटलं वय झालं. नाना जाऊन वर्ष झालं होतं, आम्ही म्हटलं दुःख आहे. मी, मी सुद्धा म्हटलं.

मग त्याच श्रावणात डॉक्टर झाले. तपासणीत विचारलं आज तारीख काय. माय म्हणाली, कानबाईचे रोट होऊन आठ दिवस झाले. डॉक्टरांनी शून्य लिहिलं. कानबाई हा आमच्याकडचा श्रावणातला सण, मी बोटांवर मोजलं, अगदी बरोबर होतं तिचं. न शिकलेल्या लोकांसाठी हरियाणात बल्लभगडला वेगळी हिंदी चाचणी केली होती ती मला माहीत होती, मी तेवढ्यात ती सांगायला गेले आणि माझ्या भावाने माझा हात दाबला. नंतरच्या प्रश्नांना मात्र तिला खरंच येईना, तीन वस्तूंची नावं दोन मिनिटांत गेली. एमआरआय वगैरे झालं. देशात साठीच्या पुढे अठ्ठ्याऐंशी लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज आहे, बायकांत जास्त, खेड्यात जास्त. हे आकडे मी स्लाइडवर दाखवलेत.

डोनेपेझिल पाच, महिन्याने दहा. थोडी तरतरी आली, भावजयीचं नाव पुन्हा घ्यायला लागली. मग जुलाब, मग भूक नाही, आणि मग लघवी कपड्यातच व्हायला लागली. भावाने तालुक्यालाच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी लघवीसाठी एक गोळी लिहिली आणि भावाने चिठ्ठीचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. ऑक्सिब्युटिनिन. मी मीटिंगमध्ये होते. मी अंगठा पाठवला.

तीन आठवड्यांनी घरी गेले. माय पुढच्या खोलीत खाटेवर बसलेली, तोंड कोरडं, जीभ ओठांवर फिरवतेय. आणि समोरच्या हवेतून चिमटीने काहीतरी उचलतेय, डावा हात ओटीत.

मी म्हटलं, "काय करी राह्यनी माय?"

"दखात नई का? कापूस येचस."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती खोली, बॅटरी, मोहरीचा दाणा, सगळं. डोनेपेझिल निरोप वाढवतंय, तो मेंदूतच वाढतो असं थोडीच आहे, मूत्राशयालाही तोच निरोप जातो, म्हणून लघवी. आणि ऑक्सिब्युटिनिन अ‍ॅट्रोपिनच्याच जातीचं, कानात बोळे. म्हणजे इकडून मोटर चालू करायची आणि तिकडून बारं बुजवायचं, आणि वर दोन्ही गोळ्या लिव्हरच्या एकाच सिप ३ए४ च्या खिडकीवर रांगेत. पुस्तकात हे उदाहरण जवळजवळ असंच्या असं असतं, एका औषधाचा त्रास म्हणून दुसरं औषध. मी स्वतः यावर तीन ठिकाणी लेक्चर दिलंय. लेक्चरला टाळ्या पडल्या होत्या.

भावजय म्हणाली, अक्का, आम्हाला वाटलं आजारच वाढला. कोणालाही तेच वाटणार. सर्दीच्या साध्या गोळीनेही म्हाताऱ्या माणसांचं असं होतं आणि घरचे म्हणतात हिचं आता डोकं गेलं.

पहिल्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लघवीची गोळी बंद आणि डोनेपेझिल पुन्हा पाचवर. ऑक्सिब्युटिनिन लवकर उतरतं, डोनेपेझिलचं अर्ध आयुष्य सत्तर तासांचं, त्याला खाली यायला दोन आठवडे लागणार हे मला पाठ होतं. मी सुट्टी वाढवून तिथेच राहिले आणि रोज तिच्या बाहुल्या बघायचे, मोबाइलच्या टॉर्चने. चौथ्या दिवशी हात शांत झाले. लघवीचं म्हणाल तर भावजयीने दर दोन तासांनी तिला उठवून नेऊन बसवायची सवय लावली, बराच फरक पडला, त्याला गोळी लागली नाही. भावजयीला लागलं ते कोणी मोजत नाही.

आजार काही थांबला नाही, थांबणारही नव्हता. आता ती मला कधी तिची बहीण समजते, कधी अमळनेरहून आलेली नर्स. अहिराणी मात्र शाबूत आहे, शिव्यांसकट.

गेल्या हिवाळ्यात कापसाला भाव नव्हता म्हणून भावाने माल विकला नाही, आमच्याकडे आता बरेच जण तसंच करतात, पुढची खोली कापसाने छतापर्यंत भरून ठेवायची आणि भाव चढायची वाट बघायची. अंगाला खाज सुटते, पोरं कुरकुरतात, पण ठेवायला दुसरी जागा नाही. माय दुपारी आपोआप त्या ढिगापाशी जाऊन बसायला लागली. एकेक बोंड हातात घ्यायचं, त्यातली पत्ती काढायची, कवडी बाजूला, काडी बाजूला, आणि स्वच्छ कापूस आपल्या पाठीमागे ठेवायचा. हात थरथरत नाहीत, चुकत नाहीत. कोणी सांगितलं नव्हतं. भाऊ आधी म्हणाला राहू दे गं माय, मग गप्प बसला आणि तिच्या मागे एक धोतर अंथरून दिलं. फेब्रुवारीपर्यंत तिने जवळपास दोन पोती कापूस असा निवडला होता, पांढराशुभ्र, बाकीच्या ढिगाशेजारी ठेवला की लांबून ओळखू यावा.

मार्चमध्ये व्यापाऱ्याची गाडी आली. भावाने तो कापूस वेगळा दाखवला, त्याने मूठभर घेऊन दाबून पाहिला, चांगला आहे म्हणाला, आणि बाकीच्याच भावात काट्यावर टाकला.